जुना लॅपटॉप, लिनक्स मिंट आणि देवगडचा पावसाळा : दहा महिन्यांनंतर

आमचा लॅपटॉप २०१६ सालचा. आय-थ्री, सहाव्या पिढीचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि फिरती हार्ड डिस्क. मुलगा तिसरीत असताना घेतलेला, आता तो मालवणला पॉलिटेक्निकला आहे. लॅपटॉप सुरू करून मी चहा टाकायची, चहा पिऊन कप विसळून यायची, तरी पडद्यावरचं चाक फिरतच असायचं. आंब्याच्या सीझनमध्ये सकाळी सातला एसटीने पेटी जायची असते. तेव्हा गिऱ्हाइकाचा पत्ता उघडायला वीस मिनिटं लागली तर काय होतं, ते घरात पेट्या भरणाऱ्यांनाच कळेल.

त्यात विंडोज १०चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला बंद होणार हे ठरलेलं. विंडोज ११ला इंटेलचा प्रोसेसर निदान आठव्या पिढीचा लागतो आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, म्हणजे आमचं यंत्र दारातच अडलं. कणकवलीच्या दुकानात विचारलं तर तो म्हणाला, "वहिनी, ह्यो आता भंगारात." नव्याची किंमत ऐकून मी घरी परत आले.

लिनक्सचं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट सिस्टिमचं, मुलाने डोक्यात घातलं. २०२५च्या फेब्रुवारीत लिनक्सचाच एक प्रकार, मिंट, टाकलं, आता डिसेंबर आहे. मधे एक आंब्याचा सीझन, एक लवकर आलेला पावसाळा आणि एक गणपती एवढं सगळं होऊन गेलं, म्हणून आता लिहायला हरकत नाही. आठवडाभर वापरून लिहिलेले अनुभव मी निवड करताना पुष्कळ वाचले. सगळ्यांचं सगळं छानच चाललेलं असतं.

आधी एक कबुली. आमचा लॅपटॉप आता पाऊण मिनिटात उघडतो, पण त्याचं निम्म्याहून जास्त श्रेय मिंटचं नाही, एसएसडीचं, म्हणजे न फिरणाऱ्या वेगवान डिस्कचं आहे. सिस्टिम बदलताना २४० जीबीची एसएसडी बसवली आणि नंतर रॅम ८ जीबी केली, दोन्ही मिळून तीन हजारांच्या आत. जुन्या फिरत्या डिस्कवर मिंट टाकून बघितलं होतं, तेही रांगतच होतं. त्यामुळे "लिनक्स टाकलं आणि जुना लॅपटॉप पळायला लागला" असं कोणी सांगितलं, तर डिस्क कुठली होती ते आधी विचारा.

निवड कशी केली ते सांगते. पेनड्राइव्हवरून सिस्टिम नुसती चालवून बघता येते, लॅपटॉपमधलं काही पुसलं जात नाही. वेंटॉय नावाची एक सोय आहे, तिच्यात एकाच पेनड्राइव्हवर चार-पाच सिस्टिम ठेवता येतात. मुलाने त्या आणून दिल्या आणि आम्ही आठवडाभर रोज एकेक उघडून बघितली. उबुंटू दिसायला देखणं, पण पट्टी डावीकडे, आणि आमचे हे पहिल्या मिनिटाला म्हणाले, "माझा स्टार्ट खय?" ते बाद. गूगलच्या क्रोमओएस फ्लेक्सची सगळी भिस्त नेटवर. आमच्या वाडीत पाऊस सुरू झाला की आधी नेट जातं, मग लाइट. तेही बाद. सी-डॅकचं बॉस लिनक्स मला मनापासून घ्यायचं होतं. आपल्या भाषांचा विचार करून केलेलं सरकारी काम आहे. पण अडलं तर विचारायचं कोणाला, हा प्रश्न होता. मिंट वापरणारी माणसं इतकी आहेत की कुठलीही अडचण शोधा, ती आधी कोणाला तरी आलेली असते. मला तेच मोठं वाटलं.

मिंट उबुंटूवरच उभं आहे, पण दिसतं जुन्या विंडोजसारखं. खाली पट्टी, कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ. दालचिनी, मॅटे आणि एक्सएफसीई असे तीन अवतार मिळतात. (पहिल्याचं नाव खरं सिनॅमन. पण घरात मसाल्याला दालचिनीचं झाड असताना सिनॅमन कोण म्हणणार?) तेव्हा ४ जीबीच रॅम होती म्हणून सर्वांत हलकं एक्सएफसीई टाकलं. नंतर रॅम वाढवली तरी बदललं नाही. चाललंय ते चालू दे.

आम्ही टाकली ती आवृत्ती २२.१, टोपणनाव झिया. सप्टेंबरात २२.२ म्हणजे झारा आली. या लोकांच्या प्रत्येक आवृत्तीला बाईचं नाव असतं. झियावरून झारावर जाताना काही मोडलं नाही, एक बटण दाबलं आणि अर्ध्या तासात झालं. २२च्या साऱ्या मालिकेला २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत. तोवर लॅपटॉपचीच बिजागरी टिकली तर मिळवली, खाऱ्या हवेने तिला आत्ताच गंज धरलाय.

आता मराठीचं, कारण बहुतेक ठिकाणी यावर दोन ओळींत आवरतं घेतात.

युनिकोड मराठी, म्हणजे कुठल्याही यंत्रावर मराठीच दिसणारं, लिहायला काही अडत नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांची ठरलेली मांडणी घ्यायची. मला ती येत नव्हती, सीझन संपल्यावर शिकले. पंधरा दिवस चिडचिड झाली, मग हात बसला. ळ साठी शिफ्ट धरून एन. 'वाऱ्या'तला, 'दऱ्या'तला अर्धा र काढायला शिफ्ट धरून जे, मग डी, मग य. हे जमलं त्या दिवशी मला स्वतःचं कौतुक वाटलं, कारण इतकी वर्षं मी पत्त्यांत 'गिर्‍हाईक' हा शब्दच टाळून 'ग्राहक' लिहीत होते. मुलीला मात्र इंग्रजी अक्षरांतून मराठी लागतं. त्यासाठी आयबस आणि एम१७एन ही दोन पॅकेजं टाकली की झालं. तिचं वेगळं, माझं वेगळं, खालच्या पट्टीवरून बदलता येतं.

अडलं ते जुन्या फाइलींशी. आमचे हे देवस्थानचे सेक्रेटरी. १२-१५ वर्षांची पत्रं, सभेची इतिवृत्तं, पालखीचे खर्च, सगळं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं. मिंटवर पहिल्यांदा उघडलं तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची नुसती रांगोळी. यांचा चेहरा उतरला. यात बिघाड काहीच नव्हता. त्या फॉन्टांत इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असतं, तो फॉन्ट नसला की उघडी पडतात ती खालची इंग्रजी अक्षरं. जुन्या डिस्कवरून फॉन्टच्या फाइली आणून घरच्या फोल्डरमधल्या लपलेल्या फॉन्ट्सच्या फोल्डरात टाकल्या, तेव्हा इतिवृत्तं वाचता आली. नवीन पत्रं आता युनिकोडमध्येच. पण यांचा हात बसलेला टाइपरायटरच्या कीबोर्डवर, या वयात इनस्क्रिप्ट शिकायला ते तयार नाहीत. ते मोबाइलवर बोलून मजकूर करतात आणि मला पाठवतात, मी सरळ करून छापते. सोय झाली ती त्यांची. माझं काम वाढलं.

हिशोबाला आणि पत्रांना लिबरऑफिस, एक्सेल-वर्डच्या जागी चालणारं. आंब्याची माझी एक्सेलची फाइल जशीच्या तशी उघडली, पाच डझनी, सहा डझनी पेट्यांचे दर शोधणारी सूत्रंसुद्धा चालली. कोणीतरी करून दिलेला एक मॅक्रो, म्हणजे एका बटणात कामं उरकणारा छोटा प्रोग्राम, चालला नाही, तो टाकूनच दिला. प्रांत भारत निवडला की आकड्यांत लाखाचे स्वल्पविराम बरोबर पडतात. वर्डच्या फाइलींचं तेवढं सुरळीत नाही. दुसरीकडून आलेल्या मराठी फाइलीत मंगल फॉन्ट असतो, तो इथे नसतो, मग दोन पानांचं पत्र सव्वादोन पानांचं होतं आणि सही तिसऱ्या पानावर जाऊन बसते. आपण पाठवताना पीडीएफ पाठवायची, हा त्यावरचा उपाय. छपाईला मी मुक्ता फॉन्ट घेतलाय. फुकट आहे आणि पेटीवरच्या लेबलवर लांबूनही वाचता येतो.

प्रिंटर. इथे मात्र मी हरले. आमच्याकडे एका नावाजलेल्या कंपनीचा जुना लेझर प्रिंटर होता, दणकट, कधी कुरकुर नाही. त्याला कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला सिस्टिमशी जोडणारा प्रोग्राम, लागतो आणि लिनक्ससाठीचा ड्रायव्हर इतका जुना की मुलगा दोन दिवस घरी येऊन बसला तरी एक पान निघालं नाही. एकदा निघालं ते अर्धं काळं. ऐन मार्चमध्ये, लेबलं छापायची असताना. शेवटी तो प्रिंटर शेजारच्या काजूवाल्यांना दिला आणि लिनक्सवर चालणाऱ्या प्रिंटरांच्या ओपनप्रिंटिंगच्या यादीत नाव बघून दुसरा, वापरलेला घेतला. तो यूएसबी लावताच ओळखला गेला. सिस्टिम बदलण्याचा खरा खर्च मला हा पडला. पेनड्राइव्हवरून चालवून बघतानाच एक पान छापून बघितलं असतं तर आधीच कळलं असतं.

वायफायही पहिल्या दिवशी नव्हतं. आतल्या चिपचा ड्रायव्हर बंदिस्त, तो आणायला नेट हवं, आणि नेटसाठी तो ड्रायव्हर हवा. मोबाइल केबलने जोडून त्याचं नेट दिलं, ड्रायव्हर मॅनेजर उघडला, दहा मिनिटांत मिटलं.

पावसाळा यंदा २५ मेलाच आला. हवामान खात्याने त्या दिवशी मान्सूनची रेषा देवगडावरून काढली होती, आणि आमच्या बागेत शेवटचे आंबे अजून झाडावर होते. तेव्हापासून सप्टेंबर संपेपर्यंत लाइट जाण्याला हिशोब नव्हता. लॅपटॉपची बॅटरी दोन वर्षांपूर्वीच गेलेली, त्यामुळे लाइट गेली की यंत्र धाडकन बंद. पन्नासेक वेळा तरी झालं असेल. दर वेळी मुकाट्याने परत उघडलं. एकदाच नाही. गणपतीच्या आदल्या आठवड्यात रात्री लाइट आली, लॅपटॉप लावला, तर काळा पडदा आणि कंसात 'इनिटरॅमएफएस' असं काहीतरी. मालवणला फोन.

"आई, घाबरू नको. वर काय लिहिलंय ते एकेक अक्षर वाच."

मी वाचलं. डिस्क तपासायला सांगत होतं. त्याने सांगितलं तसं एफएससीके, मग डिस्कचं नाव, मग वजा चिन्ह आणि वाय, असं एका बोटाने टाइप केलं. पडद्यावरून ओळी धावल्या आणि दोन मिनिटांनी गणपतीच्या सामानाची यादी समोर. अर्धीच. लिबरऑफिस दर दहा मिनिटांनी स्वतःहून जपून ठेवतं, मधलं गेलं. ती दहा मिनिटं मी दोनवर आणली आहेत. कोकणात राहणाऱ्याने हे पहिल्याच दिवशी करावं.

दुसरा घोळ सर्वस्वी माझा. टाइमशिफ्ट नावाची सोय आहे, सिस्टिमची छबी काढून ठेवते, काही बिघडलं की कालच्या अवस्थेत नेते. मी समजले, सगळ्याचीच काढते. जूनमध्ये गिऱ्हाइकांच्या यादीची फाइल चुकून पुसली आणि निवांतपणे टाइमशिफ्ट उघडलं. यादी आली नाही. मुळात ती फक्त सिस्टिम जपते, आपल्या घरच्या फोल्डरला हात लावत नाही. मे महिन्यातली एक प्रत पेनड्राइव्हवर होती म्हणून पुण्या-मुंबईची दीडशे घरं वाचली.

बाकी रोजचं वापरणं कंटाळवाणं आहे, आणि ही तक्रार नाही. बँक, सातबारा, मुलीचे वर्ग, सगळं फायरफॉक्समध्ये चालतं. सासूबाईंचं पहिल्या दिवशीचं "अगो, माजा कीर्तन खय गेला?" एवढंच होतं. यूट्यूबचं चिन्ह पडद्यावर मधोमध ठेवलं, तेव्हापासून त्यांना सिस्टिम बदलल्याचं आठवतही नाही. अपडेट आले की कोपऱ्यात ढालीचं चिन्ह दिसतं, मी सवड मिळेल तेव्हा करते. मुलीचं मात्र एक आहे. एमएस-सीआयटीला विंडोज आणि ऑफिस शिकवतात, घरी बटणं वेगळ्या जागी. आमच्या कोकण रेल्वेने खाली केरळात उतरलं तर तिथल्या सरकारी शाळांत मुलं लिनक्सवरच शिकतात. आपल्याकडे तो दिवस येईपर्यंत तिला दोन्ही शिकायला लागणार.

त्या काजूवाल्यांनी प्रिंटर नेताना विचारलं, आमच्याही लॅपटॉपवर टाकून देता का? त्यांचा सगळा कारभार टॅलीवर, आणि टॅली विंडोजचीच. मी नको म्हटलं. घरगुती वापराला विंडोज १०चे सुरक्षेचे अपडेट आणखी वर्षभर, ऑक्टोबर २०२६पर्यंत, नोंदणी करून मिळतात. ती नोंदणी पुढे त्यांना करून दिली.

झाडांना मोहोर दिसायला लागलाय, म्हणजे तीन-चार महिन्यांत परत पेट्या. तेवढ्यात बॅटरी बदलायला हवी. कणकवलीच्या त्याच दुकानदाराला मॉडेल नंबर देऊन ठेवलाय. पंधरा दिवसांत तीनदा फोन केला, दर वेळी म्हणतो, "येता, वहिनी, येता."