ठाण्यातल्या स्टुडिओचं ‘पारंपरिक गाणं’ पॅकेज: आवाज चोख, हक्कांचा रकाना कच्चा

नौपाड्यातल्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओचं हे पॅकेज भजनी मंडळांसाठी आणि कोळीगीतं गाणाऱ्या ग्रुपसाठी आहे. 4 तासांचा स्लॉट, मिक्सिंग, साधा व्हिडिओ, यूट्यूब आणि गाण्यांच्या अ‍ॅपवर चढवून देणं, आणि वर ‘कॉपीराइटची चिंता आमची’. शेवटचं कलम सोडलं तर बाकी काम नीट होतं.

आधी आवाज. टाळकऱ्यांना गायकांच्या माइकपासून लांब बसवतात, त्यामुळे टाळ शब्दांवर चढत नाहीत. पखवाजाच्या दोन्ही पुड्यांना वेगळे माइक. कोरसला चारच जण आले तर त्यांच्याकडून तेच दोनदा गाऊन घेतात. खोट एकच: सगळं क्लिकवर (कानात वाजणाऱ्या ठरावीक लयीच्या ठोक्यांवर) गायला लावतात. आरतीला ते चालतं, पण अभंग शेवटी गजरात चढतो तिथे लय बांधून ठेवली की जीवच जातो. टप्प्याटप्प्याने वाढणारी क्लिक आधीच मागून घ्या, देतात.

आता त्यांचा फॉर्म. ‘गीत: पारंपरिक, संगीत: पारंपरिक’ हे त्यावर आधीच छापलेलं असतं. सगळा घोळ इथूनच. एका गाण्यात हक्क तीन असतात: शब्दांचा, चालीचा आणि रेकॉर्डिंगचा. 1957च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कवी आणि संगीतकाराचा हक्क त्यांच्या निधनानंतर 60 वर्षं चालतो (मोजायला सुरुवात पुढच्या वर्षाच्या 1 जानेवारीपासून), रेकॉर्डिंगचा ते प्रसिद्ध झाल्यापासून 60 वर्षं. तुकोबा 1650 मध्ये गेले, शब्द मोकळे, म्हणजे त्यांच्यावर कोणाचा हक्क नाही. पण मंडळ जी चाल गातंय ती संगीतकार श्रीनिवास खळ्यांची असेल, तर खळे 2011 मध्ये गेले. ती चाल 2071 अखेरपर्यंत मोकळी नाही. तोच अभंग वारकरी चालीत गा, प्रश्न मिटला. स्टुडिओत हा एक प्रश्न कोणी विचारत नाही: ‘चाल कुठली?’

कोळीगीतांत तर फसायला फार वाव. ‘मी डोलकर’ कोळीवाड्याच्या हळदीत इतकं मुरलंय की ते लोकगीतच वाटतं. शब्द शांता शेळक्यांचे आहेत आणि त्या 2002 मध्ये गेल्या, म्हणजे शब्दांसाठी 2062 अखेरपर्यंत परवानगी लागणार. तुकडोजी महाराजांची भजनं (निधन 1968) 2028 अखेरपर्यंत, अण्णा भाऊंच्या छक्कडी (1969) 2029 अखेरपर्यंत. बहिणाबाईंचं गणित जरा वेगळं. त्या 1951 मध्ये गेल्या, पण पुस्तक 1952 मध्ये आलं. मरणोत्तर प्रकाशनाला 60 वर्षं प्रकाशनापासून धरतात, म्हणून त्या पुस्तकातल्या कविता 2012 अखेर मोकळ्या झाल्या. रेडिओवर ऐकलेली त्या कवितांची चाल मोकळी असेलच असं मात्र नाही.

व्हिडिओवर कंटेंट आयडीचा (यूट्यूबची गाणं आपोआप ओळखणारी यंत्रणा) क्लेम, म्हणजे हक्काचा दावा, आला की स्टुडिओचं उत्तर ठरलेलं: ‘डिस्प्यूट टाका, कारण पब्लिक डोमेन’ (हरकत घ्या, गाणं मोकळं आहे). शब्द आणि चाल दोन्ही मोकळी असतील तरच हे बरोबर. डिस्प्यूटवर दावेदाराला 30 दिवस मिळतात. त्याने नाकारला तर अपील, तिथे 7 दिवस. अपीलही हरलात आणि त्याने व्हिडिओ काढायला लावला तर चॅनेलवर स्ट्राइक, म्हणजे कॉपीराइट मोडल्याची नोंद. 90 दिवसांत तीन झाले की चॅनेल बंद होऊ शकतं. नुसता क्लेम म्हणजे स्ट्राइक नव्हे, हे मंडळांना कोणी सांगत नाही; घाबरून व्हिडिओ उडवून टाकतात. जाहिरातीचे पैसे येत असतील तर 5 दिवसांच्या आत डिस्प्यूट टाका, म्हणजे पहिल्या दिवसापासूनची रक्कम बाजूला ठेवली जाते.

उलटी भानगडही होते. स्टुडिओ वेळ वाचवायला ढोलकीचे तयार लूप (पुन्हापुन्हा वाजवायचे रेकॉर्ड केलेले तुकडे) वापरतो, जे कोणीही विकत घेऊ शकतं. मग तोच ट्रॅक डिस्ट्रिब्यूटरच्या (गाणी अ‍ॅपवर पोचवणाऱ्या कंपनीच्या) फॉर्मवर कंटेंट आयडीची खूण करून पाठवतो. परिणामी तुमच्या नावाने तेच लूप वापरणाऱ्या दुसऱ्याच मंडळाच्या आरतीवर क्लेम जातो. ती खूण काढायला सांगा.

‘देवाचं गाणं, त्याला कसला कॉपीराइट’ हे काउंटरवरचं वाक्य अर्धंच खरं. त्याच कायद्याच्या कलम 52 मधली सूट मंडपात, खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गाण्यासाठी आहे. रेकॉर्ड करून अपलोड करायला ती लागू नाही. कव्हरसाठी, म्हणजे आधी आलेलं गाणं नव्याने गाऊन रेकॉर्ड करायला, कलम 31सी आहे, पण मूळ रेकॉर्डिंगला 5 कॅलेंडर वर्षं व्हायला हवीत, रॉयल्टी आगाऊ आणि ती किमान 50,000 प्रतींची. भजनी मंडळाला हे परवडणारं नाही. लेबल आणि संगीतकाराच्या वारसांकडून लेखी परवानगी घेणंच सोपं.

तेव्हा स्वतःची किंवा परंपरेने आलेली चाल घेऊन जाणार असाल तर हा स्टुडिओ घ्या. सिनेमातली किंवा कॅसेटवरची चाल गाणार असाल तर फक्त रेकॉर्डिंग करून घ्या, अपलोड स्वतः करा. पॅकेजमध्ये सुट्या ट्रॅकच्या फाइल्स येत नाहीत, त्या स्लॉट ठरवतानाच लिहून घ्या. पखवाजवाला बाहेरून आणलेला असेल तर त्याच्याकडूनही सही घ्या. वादकाचा हक्क 50 वर्षं चालतो आणि स्टुडिओच्या फॉर्मवर त्याच्यासाठी जागाच नाही.