जुन्या नाशकातली निकाहनामा सल्लासेवा: लग्न ठरताच गाठावी अशी

जुन्या नाशकात, दूध बाजारापासून चालत जाण्याच्या अंतरावर, दोन महिला वकील निकाहनाम्याचा, म्हणजे मुस्लिम लग्नाच्या लेखी कराराचा, मसुदा करून देतात. लग्न ठरलेल्या मुलीने ही सेवा घ्यावीच, असं आमचं ठाम मत आहे.

पहिली बैठक फक्त मुलीसोबत होते. अब्बा, मामू, भाईजान बाहेर बसतात. नोकरी चालू ठेवायची का, शिक्षण राहिलंय का, वेगळं बिऱ्हाड हवं का, हे तिलाच विचारलं जातं. निकाह हा करार आहे आणि तिच्या कबुलीशिवाय तो होत नाही. मग अटीही तिनेच सांगायला हव्यात.

मेहर म्हणजे लग्नात नवऱ्याने बायकोला देऊ केलेली रक्कम किंवा ऐवज; हा भाग त्या नीट समजावतात. ७८६ हा शुभ मानलेला आकडा, तेवढेच रुपये लिहून मोकळं होण्याची रीत अजून आहे. त्यांचा सल्ला असा की मेहर सोन्याच्या ग्रॅममध्ये लिहावं, म्हणजे २० वर्षांनीही त्याला मोल राहतं. मागताच देय किती आणि तलाक किंवा मृत्यूनंतर देय किती, हे आकड्यांत वेगळं हवं. निकाहाच्या वेळी दिलेली रक्कम मुलीच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा करावी. हाती काही न पडता ‘मेहर अदा’ लिहिलं गेलं, तर पुढे ते मागणं फार अवघड होतं.

त्यांचं सर्वांत मोलाचं काम तलाक-ए-तफवीजचं. यात नवरा ठरावीक अटींवर तलाकचा अधिकार बायकोकडे सोपवतो. हनफी फिक्हला, म्हणजे सुन्नींच्या हनफी परंपरेच्या धर्मशास्त्राला, हे मान्य आहे, आपल्या न्यायालयांनीही मानलं आहे. १९६६ मध्ये समाजसुधारक हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा नेला, तो तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध. एका दमातला तिहेरी तलाक २०१९ च्या कायद्याने गुन्हा ठरला, ३ वर्षांपर्यंत कैद आहे. मुस्लिम नवऱ्याचं दुसरं लग्न मात्र महाराष्ट्रात आजही कायद्याला चालतं. बाईला बाहेर पडायचं तर १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याखाली कोर्ट, नाहीतर खुला, म्हणजे नवऱ्याच्या संमतीने बायकोने मागून घेतलेला तलाक. आणि खुलात बहुतेकदा मेहरवर पाणी सोडावं लागतं. तफवीजमध्ये मेहरचा हक्क शाबूत राहतो. फक्त अट मोघम नको. ‘त्रास दिल्यास’ यावर नुसते वाद होतात. ‘दुसरा निकाह केल्यास’, ‘सलग ६ महिने खर्च न दिल्यास’ असं सिद्ध करता येईल ते त्या लिहून घेतात.

काझींच्या छापील नमुन्यात अटींना जागा अपुरी पडते, म्हणून पुरवणी जोडतात. तिच्या प्रत्येक पानावर नवरदेव, साक्षीदार आणि काझी यांच्या सह्या हव्यात, शिवाय मूळ निकाहनाम्यात ‘पुरवणी २ पाने’ असा उल्लेख हवा. तो राहिला तर ही पानं नंतर घुसडली, असं समोरचा वकील म्हणणारच. मराठी शाळेत शिकलेल्या कित्येक मुलींना उर्दू लिखावट वाचता येत नाही. त्यांना मराठी प्रत मिळते, आणि सही करण्याआधी ती मोठ्याने वाचून घेतात. हे फार आवडलं.

खटकलं ते हे की हळदीच्या आठवड्यात आलेल्यांनाही त्या परत पाठवत नाहीत. मुलाकडच्यांना मसुदा निदान १५ दिवस आधी मिळायला हवा. मांडवात कागद पुढे केला की थोरले भडकतात, आणि सगळ्यात आधी तफवीजवरच काट बसते.

महापालिकेतली विवाह नोंदणी मात्र त्या करून देत नाहीत. नमुना ‘ड’ भरून, तीन साक्षीदार घेऊन विभागीय कार्यालयात स्वतःच जावं लागतं. मुदत निकाहापासून ९० दिवसांची.