कार्बोरेटर साफ केल्यावर गाडी आपोआप रेस व्हायला लागली, शेवटी माधवनगर रोडच्या मेकॅनिक मामांनी दुरुस्त केली

बाबांची 2014 ची स्प्लेंडर आहे, मी रोज सांगली ते मिरज कामाला नेतो. दिवाळीनंतर कार्बोरेटरमधून (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) पेट्रोल गळायला लागलं म्हणून घराजवळच्या गॅरेजला टाकली (नाव लिहीत नाही), त्यांनी फ्लोटची नीडल (आत येणारं पेट्रोल अडवणारी सुई) बदलली, कार्बोरेटर खोलून साफ केला, गळती बंद झाली. इथपर्यंत ठीक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी छान चालू झाली पण पाच-सहा किलोमीटर गेल्यावर विश्रामबागच्या सिग्नलला थांबलो तर एक्सलेटरला हात नाही आणि इंजिन ओरडायला लागलं, आजूबाजूचे लोक बघायला लागले, त्यात गिअर टाकून क्लच जरा सोडला तर गाडी पुढे उसळली आणि समोरच्या रिक्षाला धडकता धडकता राहिली. खरंच घाबरलो. असं कुणाचं झालं तर क्लच दाबून धरा आणि सरळ चावी बंद करा, दुसरं काही करत बसू नका.

परत त्याच गॅरेजला नेली. त्यांनी काय केलं तर आयडलिंगचा स्क्रू (मूठ सोडल्यावर इंजिन किती फिरायचं ते ठरवणारा) ढिला केला, झालं म्हणाले. आता गरम गाडी बरी वाटायची पण सकाळी थंड असताना दहा किका मारल्या तरी उभी राहीना, सारखी बंद. मग स्क्रू टाईट केला की परत सिग्नलला रेस. असं तीनदा झालं आणि शेवटी म्हणाले कार्बोरेटरच गेलाय, नवीन टाका, अडीच हजार होतील.

ऑफिसातल्या एका दादानं माधवनगर रोडच्या या मामांकडे पाठवलं. बोर्ड नाही, पत्र्याचं शेड आहे, दोनच गाड्या आत बसतात. मामांनी पहिल्यांदा एकच विचारलं, "थंड असताना होतंय का गरम झाल्यावर?" आणि रात्रभर गाडी ठेवून जा म्हणाले, सकाळी थंड इंजिन स्वतः चालू करून बघणार. मी सकाळी आठला जाऊन शेजारी उभाच राहिलो.

स्क्रूला त्यांनी हातच लावला नाही. आधी गाडी चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे उजवीकडे फिरवलं, रेस वाढली नाही म्हणजे केबल कुठं ओढली जात नाही. मग मुठीला मोकळी चाल बघितली, दोन ते सहा मिलिमीटर पाहिजे म्हणाले, होती. मग गाडी बंद करून एअर फिल्टरचा पाईप काढला आणि मूठ सोडून बघितली, स्लाईड (कार्बोरेटरमधली हवेची वाट उघडझाप करणारा तुकडा) टक् करून खाली बसते का, ती पण बसत होती (स्लाईड उलटी बसली तरी असंच होतं म्हणे). स्पार्क प्लग काढला तर टोक पांढरंफटक, तपकिरी पाहिजे असतं. तेव्हाच म्हणाले, "कुठनंतरी हवा खातीय बघ."

गाडी परत चालू करून कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधल्या जोडावर कार्बोरेटर क्लीनरचा अगदी बारीक फवारा मारला, सायलेन्सर तापायच्या आत, आणि इंजिनचा आवाज एकदम बदलला, म्हणजे हवा तिथूनच शिरतेय. माझ्या कानानं ऐकलं. दुसरीकडे मारला तर काही नाही.

खोलल्यावर कळलं, ओरिंग (जोडातली रबराची रिंग) जुनीच परत बसवलेली, चपटी झालेली आणि एका बाजूला चिरलेली. वर दोन्ही बोल्ट इतके आवळलेले की कार्बोरेटरचं जोडाकडचं तोंडच बोल्टच्या बाजूला वाकलंय. धातू मऊ असतो त्याचा. मामांनी काचेवर पॉलिश पेपर ठेवला आणि त्यावर कार्बोरेटरचं तोंड हळूहळू आठच्या आकड्यासारखं फिरवत घासलं, मधेमधे पट्टी लावून उजेडात बघत होते, वीसेक मिनिटं तरी घासलं असेल. नवीन ओरिंग टाकली, बोल्ट दोन्हीकडून थोडे थोडे आवळले. मग गाडी गरम करून शेवटी स्क्रू सेट केला.

त्यांनी सांगितलं ते मला पटलं, थंड इंजिनला जाड मिक्स्चर (पेट्रोल जास्त, हवा कमी) लागतं, बाहेरची हवा शिरली की ते पातळ होतं म्हणून सकाळी बंद पडायची, आणि गरम झालं की तेच पातळ मिक्स्चर नीट पेटतं आणि जादा हवेनं रेस चढते. आता यात स्क्रू कितीही फिरवला तरी भोक तसंच राहणार ना.

पैसे घेतले 220, ओरिंग धरून. जुनी ओरिंग माझ्या हातात दिली. अडीच हजाराचा कार्बोरेटर काढून टाकायला निघालो होतो मी, आणि मामांना तोच विकता आला असता.

तक्रार म्हणाल तर बसायला जागा नाही, पावती देत नाहीत, आणि हातात दुसरी गाडी असली की तुमच्याशी बोलणार नाहीत, थांबावं लागतं. 2020 नंतरच्या इंजेक्शनवाल्या गाड्या घेत नाहीत, स्कॅनर नाही माझ्याकडे म्हणून सरळ सांगतात. मला तरी हे आवडलं.

तीन आठवडे झाले, सकाळी दुसऱ्या किकला चालू, सिग्नलला एकसारखी चालते. रेसचा प्रॉब्लेम घेऊन जाणार असाल तर आदल्या रात्रीच गाडी ठेवा, दुपारी तापलेली नेली तर परत पाठवतात.