1981 ची येझदी 250, ठाण्यात आठ महिने चालवल्यावर

बाबांची जुनी येझदी मोटरसायकल नोव्हेंबरमध्ये पुन्हा रस्त्यावर आली, आता जुलै उजाडला. म्हणजे थंडी, उन्हाळा आणि अर्धा पावसाळा तिच्यावर काढून झाला, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

गाडी घरचीच. बाबा रबाळ्याला कंपनीत होते, नौपाड्यातून कळव्याच्या पुलावरून रोज येझदीवर जायचे आणि संध्याकाळी आली की आवाजावरूनच कळायचं, आई चहाचं आधण तेव्हाच ठेवायची. मला टाकीवर बसवून तलावपाळीला चक्कर मारायचे, पेट्रोलची टाकी गार लागायची आणि खालून इंजिनाची थरथर, ते अजून अंगात आहे. बाबा रिटायर झाले आणि गाडी चौदा वर्षं जिन्याखाली ताडपत्रीत पडून राहिली.

पहिल्या गॅरेजवाल्याने चार महिने ठेवून घेतली, पैसे घेतले आणि पिस्टन बसवला तो भलत्याच मापाचा. दुसरे मिस्त्रीकाका मिळाले ते जावा आणि तिचीच पुढची पिढी असलेल्या येझदीवर हात बसलेले. त्यांनी क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली होण्याने फिरणारा दांडा, काढला, बेअरिंगं आणि सील बदलले, सिलिंडरला बोअर मारून घेतला. टू-स्ट्रोकमध्ये, म्हणजे पिस्टन एकदा वर-खाली झाला की काम उरकणाऱ्या इंजिनात, क्रँकचे सील हा जीव आहे, ते गेले की हवा खेचते आणि मग कितीही कार्ब्युरेटर साफ करा, गाडी धड चालत नाही.

आता चालवण्याबद्दल. ज्यांनी कधी हात लावला नाही त्यांच्यासाठी सांगतो, हिची किक आणि गिअरचा लिव्हर एकच, आणि तोही डावीकडे. आधी कार्ब्युरेटरवरचं टिकलरचं बटण दाबायचं, बोटाला पेट्रोल लागेपर्यंत. मग न्यूट्रल बघून लिव्हर आत ढकलायचा, वर फिरवायचा आणि किक मारायची, सुरू झाली की तोच लिव्हर पुन्हा खाली गिअरच्या जागी. पहिला आठवडा माझा उजवा पाय सवयीने हवेतच जायचा. आणि गिअर टाकताना लिव्हर दाबला की क्लच आपोआप सुटतो, त्यामुळे हाताचा क्लच न दाबताही गिअर पडतो. हे त्या काळात दिलं होतं याचं मला आजही कौतुक वाटतं.

पेट्रोलमध्ये ऑइल आपणच मिसळायचं, इंजिनाला वंगण त्यातूनच मिळतं. मी लिटरला 40 मिली टाकतो, पाच लिटरला 200. पंपावर आधी ऑइल टाकीत ओततो, वरून पेट्रोल पडलं की ते छान मिसळतं, मग गाडी दोन्ही बाजूंना जरा हलवायची. पंपावरची नवीन पोरं बघत राहतात, म्हातारी माणसं मात्र हमखास जवळ येतात आणि स्वतःच्या गाडीची गोष्ट सांगायला लागतात. एकदा माजिवड्याच्या पंपावर एक आजोबा माझ्याशी वीस मिनिटं बोलले, मागे लाइन लागली तरी हलेनात.

अ‍ॅव्हरेज 28-30 मिळतं. पन्नास-साठला गाडी एकदम खूश असते, पाम बीच रोडला पहाटे याच स्पीडला दोन सायलेन्सरमधून येणारा तो ठोका ऐकत जायचं, सिंगल सिलिंडर असून दोन सायलेन्सर, यातच सगळं आलं. येऊरला चढते मस्त, उतरताना मात्र लक्ष लागतं. टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंग नावालाच, आणि थ्रॉटल पूर्ण बंद ठेवून लांब उतार उतरलात तर पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, पिस्टन जाम होऊ शकतो. बाबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "उतारावर मधूनमधून थोडा थ्रॉटल देत जा रे." ब्रेक ड्रमचे आहेत, पुढच्या गाडीपासून अंतर ठेवावंच लागतं.

त्रास पण सांगतो. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये हिला रोज नेऊ नका, तापते, थांबल्यावर न्यूट्रल सापडत नाही, मी आता सिग्नलच्या आधी गाडी सरकत असतानाच न्यूट्रल करतो. 6 व्होल्टचा हेडलाइट रात्री कंदिलाएवढा. इथेनॉलवालं पेट्रोल टाकीत पडून राहिलं की पाणी ओढतं, गंज धरतो, रबरी पाइप कडक होतात, म्हणून मी आठवड्यातून दोनदा तरी बाहेर काढतोच. गेल्या महिन्यात वंदना एसटी डेपोजवळ पाणी भरलं होतं, उजव्या कव्हरमध्ये पाणी शिरलं आणि गाडी बंद. ढकलत घरी आणली. बाबा खाली आले, ठिणगीची वेळ ठरवणारे पॉइंट कोरड्या फडक्याने पुसले, फीलर गेजची पातळ पट्टी घालून 0.4 मिमीचा गॅप बघितला आणि म्हणाले, "मार आता." दुसऱ्या किकला सुरू. बाबांचे गुडघे आता किक मारायला देत नाहीत, पण हात तसेच आहेत.

नवीन येझदी 2022 पासून मिळतेय, फोर-स्ट्रोक, बटण स्टार्ट, रोज ऑफिसला जायचं असेल तर सरळ ती घ्या. जुनी घेणार असाल तर आधी मिस्त्री शोधा, गाडी नंतर, आणि आरसी रिन्यू आहे का ते बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.

जुलैचा दुसरा रविवार म्हणजे जावा-येझदीवाल्यांचा दिवस. त्याच्या आधी सायलेन्सरचे बॅफल, म्हणजे आवाज दाबणाऱ्या आतल्या नळ्या, काढून कार्बन साफ करायचाय. बाबांनी गॅलरीत आत्ताच जुने पेपर पसरून ठेवलेत, तारेचा ब्रश पण शोधून काढलाय.