काउच टू ५के: चाळिशीत पहिल्यांदा पळायला लागणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

ज्यांनी शाळा सुटल्यापासून सलग दोन मिनिटं पण पळून बघितलेलं नाहीये त्यांच्यासाठी लिहितेय. काउच टू ५के, म्हणजे सोफ्यावरून उठून ५ किलोमीटर पळण्यापर्यंत नेणारा नऊ आठवड्यांचा प्लॅन, मी इथे नाशिकमध्ये पूर्ण केला, घर ऑफिस सगळं सांभाळून, आणि माझं मत एकदम स्पष्ट आहे, अगदी शून्यापासून सुरुवात करायची असेल तर याच्यापेक्षा चांगलं मला तरी काही दिसलं नाही. पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे सांगतेच.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. हा काही क्लास नाही, फी वगैरे नाही. जॉश क्लार्क नावाच्या अमेरिकन माणसाने १९९६ मध्ये हा प्लॅन बनवला आणि तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर कोणी खेळाडू नव्हते, पन्नाशीतली त्याची आई होती, आणि ते प्लॅन करताना पदोपदी जाणवतं. आठवड्यातून तीनदा जायचं, मध्ये किमान एक दिवस सुट्टी, प्रत्येक वेळी साधारण अर्धा तास. आधी ५ मिनिटं भरभर चालायचं. मग पहिल्या आठवड्यात ६० सेकंद पळायचं, ९० सेकंद चालायचं, असं २० मिनिटं, झालं. दुसऱ्या आठवड्यात ९० सेकंद पळा, २ मिनिटं चाला. तिसऱ्यात ३ मिनिटांचे तुकडे येतात, चौथ्यात ५ मिनिटांचे, आणि असं वाढत वाढत नवव्या आठवड्यात सलग ३० मिनिटं.

यातलं मला सगळ्यात जास्त पटलं ते म्हणजे हा प्लॅन तुम्हाला अडवतो. दम शिल्लक असताना चालायला लावतो. आपल्याकडे पळणं आपण बघतो ते पोलीस भरतीच्या पोरापोरींचं, सकाळी कुठल्याही मैदानावर जा, जीव तोडून पळत असतात, आणि त्यांना तसंच पळावं लागतं कारण मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर घड्याळावर पळायचं असतं, वेळेप्रमाणे मार्क मिळतात. नाहीतर मग आपली सावरपाडा एक्सप्रेस कविता राऊत, २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थमध्ये १०,००० मीटरला ब्राँझ आणलं तिने, अभिमान आहेच. पण चाळिशीतल्या साध्या नोकरदार माणसाने कसं पळायचं हे आपल्याला कधी कोणी दाखवलेलंच नसतं. मग नवीन माणूस उत्साहात भरतीच्या स्पीडने सुटतो, अर्ध्या राउंडमध्ये धाप लागते, कमरेवर हात ठेवून उभा राहतो आणि आपल्याला काही हे जमायचं नाही म्हणून कायमचं सोडून देतो. त्याला पळणं जमत होतं हो, तो स्पीड जमत नव्हता, एवढाच फरक आहे आणि तो कोणीच सांगत नाही.

मग स्पीड किती ठेवायचा? पळता पळता एक अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. 'अहो, येताना दूध आणा आणि कोथिंबीर बरी दिसली तर एक जुडी घ्या', एवढं न तुटता बोलता आलं तर स्पीड बरोबर आहे, दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर कमी करा. हा स्पीड इतका हळू असतो की इथल्या गोल्फ क्लबच्या मैदानावर सकाळी चालणाऱ्या काकूंचा ग्रुप असतो त्यातल्या दोघी चालत चालत माझ्या बरोबरीने यायच्या, कधी पुढे पण जायच्या. जाऊ देत. सुरुवातीचे आठवडे पायांना त्या हालचालीची सवय व्हायला असतात, चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो आणि पळताना क्षणभर दोन्ही सुटतात, म्हणजे प्रत्येक पावलाला सगळं वजन एका पायावर आपटतं, ते झेलायला शिकणं हेच पहिलं काम. त्यातल्या एक काकू नंतर ओळखीच्या झाल्या, दिसलं की विचारायच्या 'काय गं, आज किती मिनिटांचं?' मी म्हणायचे 'आज ५-५ चे तीन, काकू', त्यावर 'कर कर, मग मला पण सांग कसं करायचं ते.' आता त्यांनी डॉक्टरांना विचारून स्वतःच पहिला आठवडा सुरू केलाय, पंजाबी ड्रेस, पायात शूज आणि ओढणी गाठ मारून कमरेला, एक मिनिट झालं की मोबाईलच्या अ‍ॅपमधली बाई सांगते आणि त्या लगेच चालायला लागतात, एक सेकंद जास्त पळत नाहीत. प्लॅन पाळावा तर असा.

मधल्या सुट्टीचा दिवस अजिबात खाऊ नका. दम लवकर वाढतो, पण हाडं आणि स्नायूबंध यांना मजबूत व्हायला बराच जास्त वेळ लागतो. त्यामुळे तिसऱ्या चौथ्या आठवड्यात एक अवस्था येते जिथे श्वास म्हणतो अजून पळू आणि नडगी दुखायला लागते. नडगीच्या पुढच्या आतल्या बाजूला, दाबलं की कळ येते अशी. पोटऱ्या जड होणं, मांड्या दुखणं हे चालतं, दोन दिवसात जातं. नडगीत एकाच जागी टोचल्यासारखं दुखत असेल, चालताना पण जाणवत असेल, तर मात्र थांबा आणि दाखवून घ्या. आणि ज्यांना बीपी, शुगर, हार्टचं काही आहे किंवा वजन बरंच जास्त आहे त्यांनी डॉक्टरांशी आधी बोला, मग पहिला दिवस.

आता पाचवा आठवडा, याच्यावर बोलायलाच पाहिजे कारण बहुतेक लोक इथेच अडकतात. पहिल्या दिवशी ५ मिनिटांचे तीन तुकडे, दुसऱ्या दिवशी ८ मिनिटांचे दोन, आणि तिसऱ्या दिवशी एकदम सलग २० मिनिटं, मध्ये चालणं नाहीच. कागदावर बघून पोटात गोळाच येतो. पण तोपर्यंतची सगळी तयारी त्या २० मिनिटांसाठीच झालेली असते. पहिली पाचेक मिनिटं सगळ्यात वाईट असतात, श्वास जुळत नाही, पाय लाकडासारखे, आणि वाटतं हेच पुढे पंधरा मिनिटं कसं काय, पण नवव्या दहाव्या मिनिटाच्या आसपास श्वास आपोआप पावलांशी जुळतो आणि मग डोकं शांत होतं, झाडं दिसायला लागतात, पक्ष्यांचे आवाज यायला लागतात. मी त्या दिवशी २० मिनिटं पूर्ण केली आणि कठड्यावर बसून रडले, खरंच सांगते, आनंदाने. चाळीस वर्षं ज्या शरीराला आपण नाजूक समजत आलो ते हे करू शकतं हे तोपर्यंत माहितीच नव्हतं. आणि नाही जमलं त्या दिवशी तर चौथा आठवडा परत करा, प्लॅन कुठे पळून जात नाही, नऊ आठवड्यांचे बारा झाले तरी पाय तेच आणि फायदा तोच.

अ‍ॅपचं म्हणाल तर या नावाने ढीगभर आहेत, बऱ्याच फुकट. ब्रिटनच्या एनएचएसचं, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचं, स्वतःचं अ‍ॅप आहे, त्यात कोणाचा आवाज ऐकायचा ते निवडता येतं, पण ते तिकडच्या लोकांसाठी आहे. इथे कुठलंही साधं अ‍ॅप चालतं, फक्त पळा आणि चाला एवढं कानात सांगणारं हवं, आणि गाणी चालू असताना आवाज ऐकू येतोय ना ते घरीच तपासून बघा. पैसे भरायची काहीच गरज नाही. मराठीत बोलणारं मात्र मला सापडलं नाही, कोणी बनवणार असेल तर प्लीज बनवा, काकूंसारख्या कितीतरी जणी लगेच सुरू करतील. तोपर्यंत मोबाईलमध्ये इंटरव्हल टायमर लावला तरी काम होतं.

आता अर्धा मार्क. पहिलं म्हणजे यात ताकदीचा व्यायाम नाही. पळणं सोडून कंबर, मांड्या, पोटऱ्या यांच्यासाठी काहीच सांगत नाही, आणि गुडघे तर त्यांच्यावरच अवलंबून असतात. सुट्टीच्या दिवशी उठाबशा, पायरीवर टाचा वर-खाली, भिंतीला टेकून बसणं एवढं घरच्या घरी केलं तरी फार फरक पडतो, मला तो सातव्या आठवड्यात सलग २५ मिनिटं आल्यावर स्पष्ट जाणवला. दुसरं, आपल्या हवेचा यात विचार नाही. एप्रिल मे मध्ये तोच स्पीड दुप्पट जड जातो कारण अंग थंड ठेवायला हृदयाला जास्त काम करावं लागतं, तेव्हा उजाडायच्या सुमारास निघा आणि आणखी हळू पळा. जमत असेल तर नोव्हेंबरमध्येच सुरू करा, नाशिकची थंडी पळायला इतकी सुंदर असते. तिसरं, बायकांसाठी शूजइतकीच चांगली स्पोर्ट्स ब्रा महत्त्वाची आहे, किंबहुना आधी ती घ्या, याच्यावर कोणी उघड बोलत नाही म्हणून कितीतरी जणी पळणंच टाळतात. शूज महागच हवेत असं नाही, रनिंगचे हवेत, संध्याकाळी घ्यायला जा कारण दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात, आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवा. आणि भटकी कुत्री अंगावर आली तर पळू नका, चालायला लागा, बहुतेक वेळा ती सोडून देतात.

नावातल्या ५के मुळे एक गैरसमज होतो तो पण सांगते. ३० मिनिटात ५ किलोमीटर म्हणजे ताशी १० किलोमीटरचा स्पीड झाला, आणि नवव्या आठवड्यात बहुतेक नवीन लोकांचा तो नसतो, साडेतीन ते चार किलोमीटर होतात आणि ते उत्तम आहे. अंतराचं अ‍ॅप बघून नाराज होऊ नका. प्लॅन संपला की तेच ३० मिनिटं आठवड्यातून तीनदा चालू ठेवा, त्यातला एकच दिवस दर आठवड्याला दोन तीन मिनिटांनी वाढवा, ५ किलोमीटर आपोआप होतात, माझे तसेच झाले. नाशिकमध्ये असाल तर गोल्फ क्लब किंवा कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक, दोन्हीकडे जरा लवकरच जा, उशीर झाला की चालणाऱ्यांची गर्दी होते आणि एका मिनिटाचं पळणं माणसं चुकवण्यातच निघून जातं.