सर्दीची गोळी की साधं पॅरासिटामॉल?

पुतण्याची राष्ट्रीय धावस्पर्धा परवावर आली आणि नाक चोंदलं. "काका, यातलं काय घेऊ?"

आराम म्हणशील तर स्यूडोएफेड्रिन (चोंदलेलं नाक मोकळं करणारं औषध) असलेली सर्दीची गोळी सरस. पॅरासिटामॉल ताप, अंगदुखी उतरवतं. नाकासाठी वाफच घ्यायची. दोन्ही स्वस्त.

डोपिंग चाचणीत सापडण्याच्या जोखमीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये १६ वर्षांच्या रोमानियन जिम्नॅस्ट आंद्रेया रादुकानचं वैयक्तिक ऑल-अराउंड (सगळे प्रकार मिळून) सुवर्णपदक अशाच गोळीपायी गेलं. गोळी दिली होती संघाच्याच डॉक्टरांनी! आज स्पर्धेवेळी लघवीत दर मिलिलीटरला १५० मायक्रोग्रॅमहून जास्त स्यूडोएफेड्रिन आढळलं की खेळाडू अडकतो. पॅरासिटामॉलवर बंदी नाही.

सरावाच्या दिवसांत पहिली चालेल. स्पर्धा २४ तासांवर आली, की पॅरासिटामॉल आणि वाफ. तेही पाकिटावरचे घटक वाचूनच.