युवक मंडळात मायक्रोबिट आणि फोल्डस्कोप : एका पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा वापर

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातील आमच्या गावच्या युवक मंडळाने गेल्या मे महिन्यात, गणेशोत्सवाच्या वर्गणीतून उरलेल्या शिलकीवर, मायक्रोबिट या लहान संगणकाचे काही बोर्ड, त्यांना जोडायच्या क्रोकोडाइल क्लिपा आणि घडीच्या कागदी सूक्ष्मदर्शकांचा म्हणजे फोल्डस्कोपचा संच विकत घेतला. मंडळाच्या खोलीत कॅरम, लेझीम आणि देखाव्याचे सामान यांच्या जोडीला विज्ञानाचे सामान यावे, अशी इच्छा बरीच वर्षे होती. रविवारी सकाळी पाचवी ते दहावीची मुले-मुली आणि त्यांच्यासोबत मंडळातील काही तरुण, असा वर्ग तेव्हापासून भरतो. सीमाभागातील इतर मंडळांतून या सामानाविषयी विचारणा होत असते, म्हणून पावसाळा, सणांचे दिवस आणि आता उन्हाळा अशा तिन्ही काळांत ते कसे वागले, हे सविस्तर लिहीत आहे.

मायक्रोबिट हा तळहातापेक्षा लहान संगणक-बोर्ड बीबीसीच्या पुढाकाराने तयार झाला आणि २०१६ मध्ये ब्रिटनमधील अकरा-बारा वर्षांच्या मुलांना सुमारे दहा लाख बोर्ड मोफत वाटण्यात आले. आमच्याकडे आहे ती २०२० मध्ये आलेली दुसरी आवृत्ती. तिच्यावर पंचवीस लहान दिवे, दोन बटणे, हालचाल ओळखणारा संवेदक, होकायंत्र, मायक्रोफोन आणि स्पीकर असून दोन बारीक सेलवर ती चालते. मुलांच्या हाती पहिल्यांदा देण्यासाठी हा बोर्ड मला आर्डुइनो उनो या दुसऱ्या प्रचलित बोर्डापेक्षा अधिक योग्य वाटतो, कारण वेगळा दिवा, प्रवाह मर्यादित ठेवणारा वेगळा रोधक, तारा खोचायची छिद्रांची पट्टी म्हणजे ब्रेडबोर्ड यांची जुळवाजुळव न करता पहिल्याच बैठकीत मुलाने लिहिलेली आज्ञा त्याच्या डोळ्यांसमोर उजळते. मात्र त्यातील तापमान हा हवेचा आकडा समजू नये. तो संवेदक मुख्य चिपच्या आतच असल्यामुळे चिपची स्वतःची ऊब त्यात मिसळते आणि आकडा बाहेरच्या हवेपेक्षा चढा दिसतो. शेजारी साधा तापमापक ठेवून मुलांनी हा फरक स्वतः पाहिला, आणि यंत्राने सांगितलेला आकडा पडताळून घ्यायची सवय त्यातून लागली.

आज्ञा लिहिण्यासाठी मेककोड हे ठोकळे जोडण्याचे माध्यम वापरतो. आमच्याकडे पावसाळ्यात इंटरनेट टिकत नाही. संगणकावर मेककोडचे वेब-पान एकदा पूर्ण उघडून ठेवले की नंतर जोडणीशिवायही काम चालते आणि तयार झालेली फाइल केबलने बोर्डावर टाकता येते, ही गोष्ट आमच्यासाठी निर्णायक ठरली. केबल घेताना विशेष लक्ष द्यावे. बाजारातील पुष्कळ स्वस्त केबली केवळ चार्जिंगच्या असतात, त्यांत माहिती वाहून नेणाऱ्या तारा नसतात, आणि अशी केबल लावल्यावर बोर्ड पेटतो पण संगणकाला दिसत नाही. बोर्ड बिघडला असे समजून तो परत पाठवण्याआधी केबल बदलून पाहावी. भाषेचा प्रश्न आम्ही पुठ्ठ्याच्या पत्त्यांनी सोडवला. प्रत्येक ठोकळ्याचे चित्र, त्याखाली मराठीत आणि कन्नडमध्ये त्याचे काम, असे पत्ते मुलांनीच तयार केले. आमच्या वर्गात मराठी शाळेची मुले आहेत, तशीच कन्नड शाळेत जाणारीही आहेत, आणि घरी मराठी बोलणारा मुलगा ‘जर-तर’चा पत्ता शेजारच्या मुलीला कन्नडमधून समजावत असतो, हे दृश्य आता नित्याचे आहे.

या सामानाचे खरे मोल कळले ते पर्जन्यमापक करताना. आमच्याकडे पाऊस नक्षत्रांवरून बोलला जातो. मृग कधी लागला, आर्द्रा कोरडी गेली का, पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा पाऊस यांत यंदा कोणाचा जोर अधिक, हे रोपलावणीच्या दिवसांत प्रत्येक पारावर ऐकू येते. मलप्रभेचा उगम असलेल्या कणकुंबीकडे पाऊस कोसळत असतो आणि त्याच जिल्ह्यातील सौंदत्ती-रामदुर्गकडे पूर्वेला सरकावे तसतसा तो झपाट्याने कमी होतो, त्यामुळे जिल्ह्याच्या सरासरीवरून आमच्या शिवाराविषयी काहीच सांगता येत नाही. आपल्या गावाचा पाऊस आपणच मोजायचा, ही कल्पना मुलांना म्हणूनच लगेच पटली.

मोजमापाची रीत अशी. पत्र्याच्या नरसाळ्याचा व्यास १६ सेंटीमीटर घेतला, म्हणजे तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे २०० चौरस सेंटीमीटर आले आणि १ मिलिमीटर पावसाला त्यातून सुमारे २० मिलिलिटर पाणी उतरते. नरसाळ्याखाली तराजूसारखी कलणारी दुहेरी वाटी बसवली. एका बाजूला १० मिलिलिटर पाणी साचले की ती कलते, पाणी ओतले जाते आणि दुसरी बाजू वर येते. वाटीला चिकटवलेले लहान चुंबक प्रत्येक वेळी रीड स्विच म्हणजे चुंबक जवळ आले की जुळणाऱ्या स्विचजवळून जाते, स्विच क्षणभर जुळतो आणि बोर्ड एक आकडा पुढे मोजतो, म्हणजेच अर्धा मिलिमीटर पाऊस नोंदवला जातो. सुरुवातीला एकाच कलण्याची दोनदा नोंद होई, कारण अशा स्विचची पाती जुळताना किंचित थरथरतात आणि बोर्ड त्या थरथरीलाही नवी खूण समजतो. एका नोंदीनंतर थोडा वेळ नवी नोंद घेऊ नये, अशी आज्ञा घातल्यावर ते थांबले. हवामान खात्याच्या रीतीप्रमाणे सकाळी ८.३० वाजता चोवीस तासांचा आकडा वहीत उतरवण्याचे काम मुलांनी पाळीपाळीने घेतले, आणि शाळेला जाण्याआधी ते बहुतेक नेमाने पार पडले.

इलेक्ट्रॉनिक मापकाच्या शेजारी सरळ भिंतीचा, सपाट तळाचा एक साधा डबा ठेवावा आणि त्यातील पाण्याची उंची पट्टीने मोजावी, असा आग्रह मंडळातील एका ज्येष्ठ सभासदांनी धरला होता. या आग्रहाबद्दल मी त्यांचा मनापासून ऋणी आहे. रिमझिम पावसात दोन्ही आकडे जवळजवळ जुळत, परंतु आषाढातील मुसळधार पावसात बोर्डाचा आकडा डब्यापेक्षा हटकून मागे पडे. आठवीतील एका मुलीने त्यावर विचारलेला प्रश्न मला फार मोलाचा वाटतो : “दादा, वाटी कलत असताना वरून पडणारं पाणी कुणाच्या खात्यात जातं?” कारण नेमके तेच आहे. वाटी कलायला जो थोडा वेळ लागतो, तेवढ्यात येणारे पाणी आधीच भरलेल्या बाजूत पडून मोजणीबाहेर जाते, आणि पावसाचा जोर जितका अधिक तितकी ही गळती अधिक. या पद्धतीच्या सर्वच मापकांना, व्यावसायिक मापकांनाही, हा दोष कमी-अधिक प्रमाणात असतो आणि त्यासाठी जोराप्रमाणे दुरुस्ती करावी लागते. मुलांनी औषधांच्या दुकानातून सलाइनची नवी नळी आणली, तिच्या चाकाने धार कमी-जास्त करत एक लिटर पाणी वेगवेगळ्या वेगांनी मापकात सोडले आणि वाटी किती वेळा कलते ते मोजले. हिशेबाने शंभर कलणी व्हायला हवीत. संथ धारेत जवळपास तितकी होत आणि धार वाढवली की कमी होत जात. त्या आकड्यांचा आलेख चौकटीच्या कागदावर काढून त्यांनी आपली दुरुस्तीची रेषा ठरवली. शाळेच्या पुस्तकात आलेख हा एक धडा असतो. इथे आलेखाशिवाय पुढे जाताच येत नव्हते, आणि गणितात मागे समजली जाणारी मुलेही त्या कागदावर वाकलेली मी पाहिली.

ओल मोजण्याच्या प्रयोगाबाबत माझे मत मध्यम आहे. दोन खिळे मातीत खोचून त्यांच्यामधून किती वीज जाते यावरून ओल ताडणे सोपे आहे, पण भातखाचरात पाणी उभेच असते, त्यामुळे मुख्य पिकाला त्याचा उपयोग नाही. हिवाळ्यात परसातील मिरचीच्या वाफ्यात ते लावले, तेव्हा धन बाजूचा खिळा लवकरच खाल्ला गेला, कारण सतत एकाच दिशेने वीज सोडली की विद्युत्-अपघटनाने धातू झिजतो. नोंद घेण्यापुरतीच वीज सोडून लगेच बंद करायची व्यवस्था केल्यावर खिळे बरेच टिकले. शिवाय मातीतील क्षार आणि खते यांच्यामुळेही आकडा बदलतो, म्हणून हा आकडा त्याच वाफ्यापुरता, आज आणि कालची तुलना करण्यापुरता वापरावा.

फोल्डस्कोपविषयी मात्र मी निःसंकोच चांगले बोलेन. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मनु प्रकाश आणि जिम सिबुल्स्की यांनी विकसित केलेले, २०१४ मध्ये शोधनिबंधातून मांडले गेलेले हे साधन घडी घालून मुले स्वतः जोडतात, आणि त्यातील गोल भिंग सुमारे १४० पट मोठे दाखवते. कांद्याचा पापुद्रा आणि पानावरील पर्णरंध्रे यांपासून सुरुवात झाली, पण मुले रमली ती खाचरातील पाण्यात. अझोला या पाण्यावर तरंगणाऱ्या लहान नेच्याच्या पानात राहणाऱ्या नील-हरित शैवालाच्या मण्यांच्या माळा त्यांना दिसल्या, आणि हेच शैवाल हवेतील नत्र बांधून भाताला पोसते हे कळल्यावर काही मुलांनी घरी अझोला टिकवण्याचा हट्ट धरला. कागद पाण्याने फाटत नाही, ही मोठी सोय आहे. आमच्या पावसाळी दमट हवेत भिंगावर बुरशी चढू नये म्हणून सर्व संच घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतो. पहिल्या काही वेळा नेमका बिंदू डोळ्यासमोर आणणे कठीण जाते, तेवढा धीर मात्र शिकवणाऱ्याला हवा.

गणेशोत्सवातील हलत्या देखाव्यामुळे मोटर, गिअर आणि तारा यांची आमच्या तरुणांना आधीच सवय होती, आणि तेच या वर्गाचे पहिले शिक्षक झाले. बाहेरून तज्ज्ञ आणण्याआधी मंडळांनी आपल्या देखाव्याच्या कारागिरांकडे पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. यंदाच्या देखाव्यातील एक लहान मूर्ती मुलांनी सर्व्हो मोटर (सांगितलेल्या कोनापर्यंतच वळणारी मोटर) आणि बोर्ड वापरून हलवली. अशा मोटरला बोर्डाची स्वतःची वीज पुरत नाही, तिला वेगळे सेल द्यावेत आणि दोन्हींची ऋण तार एकत्र जोडावी. घरातील २३० व्होल्टच्या विजेला या सामानाचा कोणताही भाग जोडायचा नाही, हा नियम आम्ही भिंतीवर लिहून ठेवला आहे. पुनर्भरणाचे सेलही लहान मुलांना देत नाही. क्लिपा एकमेकींना लागून शॉर्ट झाल्यास त्यांतून फार मोठा प्रवाह वाहतो आणि ते झटकन तापतात. दिवाळीत किल्ल्यावर पहाऱ्याचा दिवा लावण्याची हौसही या बोर्डांनी भागवली.

मुलींच्या सहभागाविषयी स्पष्ट लिहिले पाहिजे. मंडळाची खोली वर्षानुवर्षे मुलग्यांची मानली गेली आहे, आणि पहिल्या काही रविवारी मुली दारापर्यंत येऊन परत जात. वर्ग मंडळाच्या खोलीऐवजी शाळेच्या व्हरांड्यात सकाळी भरवला, गावातील दोन शिकलेल्या ताई नेमाने बसू लागल्या आणि एका गटाला एकच बोर्ड देऊन कळफलक पाळीने हाताळायचा नियम केला, तेव्हा चित्र बदलले. आज पावसाच्या वहीची जबाबदारी प्रामुख्याने मुलींकडे आहे. रोपलावणीच्या आणि सुगीच्या दिवसांत उपस्थिती घटते. त्याला इलाज नाही आणि तो शोधूही नये, कारण त्या दिवसांत मुले शेतात हवी असतात.

खर्चाचा विचार करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब या शालेय प्रयोगकार्यशाळांसाठी मिळणारे २० लाखांपर्यंतचे अनुदान शाळांसाठी आहे. मंडळांना वर्गणीवरच उभे राहावे लागते. म्हणून चार-पाच मुलांमागे एक बोर्ड या हिशेबाने मोजकेच बोर्ड घ्यावेत आणि उरलेले पैसे चांगल्या केबली, सेल, पट्ट्या, मोजपात्रे, तापमापक यांवर घालावेत. तयार रोबोट-संच आम्ही एकदा उसने आणून पाहिले. ते एकदा जोडून झाले की मुलांचे कुतूहल संपते, त्यामुळे मी त्यांची शिफारस करणार नाही. याउलट मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाशी जोडलेले अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांसारख्या वस्तूंतून घडवलेले प्रयोग जवळपास फुकट होतात आणि त्यांचे पुष्कळ साहित्य मराठीत विनामूल्य उपलब्ध आहे. आमचे निम्मे रविवार त्यावरच चालतात, आणि बोर्ड नसलेल्या मंडळाने तिथूनच सुरुवात करावी.

या उन्हाळ्यात मुलांनी गावातील विहिरींच्या पाण्याची पातळी मोजायला घेतली आहे. त्यासाठी सध्या खुणा केलेला दोर आणि वजन एवढेच पुरते. पावसाळ्यापर्यंतच्या नोंदी हाती आल्यावर कोणत्या विहिरीवर बोर्ड बसवायचा, हे मुलेच ठरवतील, आणि पुढची खरेदी आम्ही त्यांच्या यादीप्रमाणे करणार आहोत.